भिंतीपलीकडची पाच अक्षरं

बंडोपंत देशकरांनी रेल्वेच्या तारखात्यात एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत कशावरही चटकन विश्वास ठेवायची त्यांची सवय पार मोडून गेली. दूधवाल्यानं दूध ओतलं की ते आधी त्यात बोट बुडवून पाहायचे. पत्र आलं की मजकूर वाचण्याआधी पाकिटावरचा टपालाचा शिक्का उजेडात धरायचे. पत्र निघालं कधी, पोचलं कधी आणि मधले दोन दिवस ते होतं कुठं, याचा त्यांना उलगडा व्हावा लागायचा. दाराला कुलूप लावून निघाले की वीस पावलांवरून परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. त्यांची बायको अन्नपूर्णाबाई म्हणायची, "यमराज आला तरी हे त्याले आधी वारंट मांगतीन."

नोकरी संपल्यावर ते वर्ध्याला, सिंदी मेघेच्या रस्त्यावर, भाड्याच्या घरात राहायला आले. घर एकच होतं, पण मालकानं मधोमध एका विटेची भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केली होती. मालक स्वतः कारंज्याला राहायचा. सत्तावन्न सालच्या जूनमध्ये भिंतीच्या पलीकडं एक जोडपं आलं. हरिदास वैरागडे सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, वय अठ्ठावीस-तीसचं असेल. बायकोचं नाव नलू. माणसं शांत होती. इतकी शांत, की बंडोपंतांना ते काही बरं लक्षण वाटलं नाही.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती. एका सकाळी अन्नपूर्णाबाई चुलीपुढून उठल्या आणि मधल्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आयकता काय? मयालीत भुंगा शिरला. लाकूड कोरून राह्यला मेला."

बंडोपंत दाढी करत होते. त्यांनीही कान दिला. घूं, घूंऊं, घूं. मग थोडं थांबून घूंऊं, घूंऊं. वस्तरा गालावरच थांबला.

"भुंगा नोहे तो," ते हळूच म्हणाले. "तार आहे."

"तार? ह्या भितीत?"

"भिंतीत नाई. भिंतीच्या पलीकडं."

अन्नपूर्णाबाईंचा काही विश्वास बसला नाही. त्यांनी रॉकेलचा बोळा काठीला बांधून मयालीच्या, म्हणजे भिंतीवरच्या तुळईच्या, भोकात कोंबला. भुंगा तासभर गुणगुणत राहिला, आणि हरिदासची शाळेत जायची वेळ झाली तेव्हा गप्प झाला.

समोरची पाटी वाचायची नाही असं ठरवून कोणाला ती वाचल्याशिवाय राहता येत नाही. बंडोपंतांच्या कानाचं तसंच होतं. आखूड आवाज आणि लांब आवाज कानावर पडले की डोक्यात अक्षरं उमटायची. नोकरीत असताना तारेचा आवाज कडकट्ट असायचा, हा गुणगुणता होता, पण लिपी तीच. त्यांनी साबण पुसला, पेन्सिल घेतली आणि एका जुन्या वहीत उतरवून घेऊ लागले. पान भरलं. सगळी इंग्रजी अक्षरं. शब्द मात्र एकही नाही. आठ-दहा ओळी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पाठवणारा बहुतेक वेळा पाच अक्षरं झाली की थांबतो. पुन्हा पाच. पुन्हा थांबतो.

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. कळलं असतं तरी त्यात भिण्यासारखं काही वाटलं नसतं. पण लढाईच्या वर्षांत तारखात्यात असलेल्या माणसाला त्याचा एकच अर्थ माहीत होता. तो सायफर होता, म्हणजे सरकारी गुप्त लिपी. बेचाळीस साली बंडोपंत एका लहानशा स्टेशनात तारबाबू होते. अशा तारा त्यांच्या हातून शेकड्यानं गेल्या होत्या. पाच अक्षरं, थांबा, पाच अक्षरं. त्यातलं ओ की ठो कोणाला कळायचं नाही आणि कळावं असा हुकूमही नव्हता. त्या ऑगस्टात कोणी तरी लाइन तोडली आणि एक सायफर तार चार तास उशिरा पोचली. तिसऱ्या दिवशी दोन साहेब आले. त्यांनी बंडोपंतांना तीन दिवस खुर्चीवर बसवून ठेवलं.

"तारेत काय होतं ते तू कोणाला सांगितलंस?"

"साहेब, मलाच माहीत नाही काय होतं."

"माहीत नव्हतं तर सांगितलंस कसं?"

शेवटी साहेबांनी सोडून दिलं, पण नोकरीच्या कागदात एक ओळ राहिली, 'वर्तन संशयास्पद वाटते, सिद्ध झालेले नाही.' त्या ओळीमुळं बरोबरीचे लोक हेड तारबाबू झाले, मोठ्या स्टेशनात गेले, आणि बंडोपंत जिथं दोन गाड्या थांबतात अशा ठिकाणी कंदिलाची काच पुसत राहिले.

म्हणून त्यांनी त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. वही तेवढी भरायला घेतली. आवाज सकाळी शाळेच्या आधी यायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला यायचा. बंडोपंत दोन्ही वेळा पाट घेऊन भिंतीशी बसायचे. वर तारीख, वेळ, खाली अक्षरं. मधेच शेरे, 'आज पाच मिनिटं उशिरा.' 'आज बाई खोकली, मग थांबला.'

"लोकाच्या भितीले कान लावून बसता," अन्नपूर्णाबाई करवादल्या. "वय काय, करून काय राह्यले! पलीकडं नवीन जोडपं आहे. मले लाज वाटते."

"मी त्यांचं बोलणं आयकत नाई."

"मंग काय आयकता?"

"ते सांगता येत नाई."

"तेच म्हणते मी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि पाट उचलून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बंडोपंत पोत्यावर बसू लागले.

दोन आठवडे गेले असतील. एका गुरुवारी हवालदार रूपराव सायकल दाराशी टेकवून आत आला. केळझरकडचा माणूस, बोलायला मोकळा, पोटानं सैल. ओसरीवर बसून त्यानं टोपी काढली आणि पिशवीतून कागद काढला.

"बाबूजी, दिल्लीहून कागद आला. तुमच्या शेजारच्या वैरागडे मास्तराले वायरलेसचं लायसन पायजे म्हनते. हौशी लोकं असतेत म्हने असे. घरी बसून दुनियेशी बोलतेत."

"दुनियेशी म्हणजे कोणाशी?"

"कोनाशीबी. रशिया, अमेरिका, जो भेटन तो. आता सरकार म्हनते, लायसन द्याच्या आधी मानूस कसा आहे ते पाहा. घरमालकानं सही देल्ली. शेजारी म्हनून तुमची पायजे. लिहून द्या, की मानूस बरा आहे, वागनूक चांगली, देशाविरुद्ध काई करत नाई."

बंडोपंतांनी कागदाला हात लावला नाही. "आणि नाही दिलं लिहून तर?"

"मंग कागद इथंच थांबते. लायसन नाई."

"आणि वाईट लिहून दिलं तर?"

रूपरावनं इकडंतिकडं पाहिलं. "तसं काई आहे काय?"

"मी विचारून राह्यलो फक्त."

"वाईट लिहून देल्लं, त लायसन सोडाच. सरकारी नौकरी आहे मास्तरची." रूपरावनं हातानं पतंग कापल्याची खूण केली.

"मला विचार करू द्या."

"सहीचा काय इचार करता बाबूजी? बरं, करा. सोमवारी सकायी येतो."

रूपराव गेला आणि बंडोपंतांची झोपच उडाली. लायसन अजून मिळालेलं नाही. मग हा माणूस रोज दोन वेळा पाठवतो काय? आणि कोणाला? गप्प राहून सही केली आणि उद्या हा पकडला गेला, तर पुन्हा ती खुर्ची आणि तेच प्रश्न. या वेळी तर आपण तार ऐकलीही होती. खरं सांगितलं आणि ते खरं नसलं, तर त्या पोराच्या कागदात ओळ पडणार. ती ओळ काय करते ते बंडोपंतांपेक्षा जास्त कोणाला माहीत होतं?

हरिदासला सरळ विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला कोणी विचारतं का?

रविवारी सकाळी हरिदास पिशवी घेऊन निघाला तेव्हा बंडोपंत तुळशीला पाणी घालत होते. खरं तर पाणी घालून झालं होतं.

"कुठं निघाले मास्तर?"

"पुलगावला, काका."

"पुलगावले काऊन?"

"जरा काम होतं."

पुलगावला सैन्याच्या सामानाचा डेपो आहे हे वर्ध्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. बंडोपंत दुपारच्या गाडीच्या वेळेपासून ओसरीवरच बसून राहिले. हरिदास परतला तेव्हा पिशवी जड झाली होती आणि आत काही तरी खणखणत होतं.

"काय आणलं?"

"भंगार."

"भंगार लोकं विकतेत, मास्तर. तुम्ही इकत आणता?"

हरिदास हसला, पण हसताना त्यानं पिशवी बंडोपंतांकडच्या हातातून पलीकडच्या हातात घेतली.

"आणि सकाळचं ते घूं-घूं काय वाजते तुमच्याकडं?"

हरिदासचा चेहरा पडला. "ते... शाळेची विजेची घंटा बिघडली आहे. दुरुस्त करतो."

"वीस दिवस?"

"जुनी आहे फार," असं म्हणून तो झपाझप आत गेला आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. भर दुपारी कडी.

पुढं कळलं ते असं, की हरिदासलाही भीती वाटत होती. शाळेतल्या एका शिक्षकानं त्याला घाबरवून ठेवलं होतं, की लायसनच्या आधी सराव करतोस हे पोलिसांना कळलं तर अर्ज फेटाळतील. त्यात हा म्हातारा दिवसभर ओसरीवर, येता-जाता चौकशी करतो, भिंतीशी खोकतो. हा पोलिसांचाच माणूस असावा असं त्यानं नलूला सांगूनही टाकलं होतं.

त्या संध्याकाळी बंडोपंत वही घेऊन बसले. त्यांना एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. गट पाचांचे होते, पण सगळे नाही. काही सहांचे, काही सातांचे. असा सायफर त्यांनी पाहिला नव्हता. आज पलीकडचा माणूस एकच गट पुन्हापुन्हा पाठवत होता. पहिल्यांदा आला तेव्हा सहा अक्षरं आली, सुरुवातीला एम आणि ए. पुन्हा आला तेव्हाही एम, ए. तिसऱ्यांदा मात्र एम-एच्या जागी एकच अक्षर आलं, क्यू. पुढची चार अक्षरं तीच.

बंडोपंत पोत्यावर ताठ बसले. क्यू म्हणजे लांब, लांब, आखूड, लांब. त्याच्या पोटात क्षणभर जास्त थांबलं की त्याचे एम आणि ए असे दोन तुकडे होतात. हा सायफर नवा नव्हता. हात कच्चा होता! त्यांनी मागची पानं काढली. सगळीकडं तेच. सी मोडून त्याचे दोन एन झाले होते. वाय मोडून एन आणि एम. पेन्सिलीनं एकेक जोडत गेले, तसतसा प्रत्येक गट बरोबर पाचावर येऊन बसला.

कोडं सुटल्याचा आनंद घटकाभर टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता तर शंकेलाही जागा उरली नाही. वीस दिवसांचा मजकूर, प्रत्येक गट पाचाचा, एकही सुटा नाही. अस्सल सायफर.

सोमवारी सातला रूपराव आला. बंडोपंतांनी त्याला ओसरीवर बसू दिलं नाही. सरळ मधल्या भिंतीपाशी नेलं.

"आयका."

"भुंगा व्हय."

"भुंगा नाई. तार आहे. पाच-पाच अक्षरं पाठवते. सायफर आहे."

रूपरावची टोपी हातातच राहिली. "तुमाले समजते ते?"

"अक्षरं समजतात. अर्थ नाई समजत."

"मंग सायफर व्हय हे कशावरून?"

"अर्थ समजत नाई म्हणूनच तर."

रूपरावनं मान खाजवली. बोलून गेल्यावर बंडोपंतांना वाटलं, असलं काही आपण पूर्वी कुठं तरी ऐकलं आहे. पण थांबायला वेळ नव्हता. रूपराव म्हणाला, "चला. तुमीबी चला. मले त्यातलं काय कयते?"

नलूनं दार उघडलं आणि खाकी कपडे पाहून ती तशीच उभी राहिली. आत हरिदास टेबलाशी बसला होता. टेबलावर एका फळकुटाला पितळी खटका स्क्रूनं बसवला होता. दोन बॅटऱ्या, आणि वाटी काढून टाकलेली एक विजेची घंटा. रूपरावनं बाजेखाली पाहिलं, फडताळ उघडलं, पुलगावची पिशवी उलटी केली. आतून तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि गंजके खिळे पडले. बंडोपंतांची नजर मात्र खटक्याच्या तारेवर होती. ती टेबलाच्या कडेपर्यंत गेली, वळली आणि घंटेशी येऊन संपली.

"ही तार कुठं जाते?"

"कुठंच नाही, काका." हरिदासनं तारेवरून बोट फिरवलं. "बॅटरीतून खटक्यात, खटक्यातून बझरमध्ये. बस."

"मग पलीकडं आयकते कोण?"

"कोणीच नाही."

"मी ऐकते," नलू दारातून म्हणाली. "मला समजत नाही काही, पण ऐकते."

बंडोपंत खाली वाकून टेबलाखाली पाहून आले. भिंतीवरून हात फिरवला. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या टोकाला कोणीच नाही अशी तार पाहिली नव्हती.

"आणि पाच-पाच अक्षरं? ते काय आहे?"

हरिदासनं नलूकडं पाहिलं. नलूनं फडताळातून बिस्किटांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. चिंचोके. चांगले ओंजळभर. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं एकेक इंग्रजी अक्षर काढलेलं.

"ही डोळे मिटून पाच काढते, मी पाठवतो," हरिदास म्हणाला. "सरळ वाक्य घेतलं तर पुढचं अक्षर आधीच माहीत असतं, हात आपोआप पळतो. असं घेतलं की प्रत्येक अक्षर नवं. आणि लायसनच्या परीक्षेत वेग मोजताना पाच अक्षरांचा एक शब्द धरतात. म्हणून पाच."

रूपराव हसायला लागला. बंडोपंत हसले नाहीत. त्यांनी डबा नाकाशी नेला, चिंचोके पालथे करून त्यांच्या पाठी पाहिल्या, मग स्वतः डोळे मिटून पाच उचलले आणि मुठीत झाकून एकेक टेबलावर ठेवला.

"पाठवा."

हरिदासनं खटका दाबायला सुरुवात केली. क्यू तुटला. सी तुटला.

"काय म्हनते बाबूजी?" रूपरावनं विचारलं.

"काई म्हणत नाई," बंडोपंत म्हणाले. "चिंचोके आहेत."

त्यांनी खुर्ची ओढली, कागद मागितला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं. 'हरिदास वैरागडे यांना मी सहा महिन्यांपासून शेजारी म्हणून ओळखतो. ते खटक्यावर सराव करतात, तो मी वीस दिवस ऐकला आहे. त्यात कोणतीही बातमी नसते. शिवाय त्यांचा हात इतका कच्चा आहे, की त्यांनी बातमी पाठवायचे ठरवले तरी ती पलीकडच्या माणसास समजणार नाही. सबब त्यांच्यापासून देशास धोका नाही.' खाली सही.

रूपरावनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे बरं लिहिलं का वाईट लिहिलं?"

"जे माहीत आहे ते लिहिलं."

रूपराव कागद खिशात घालून गेला. हरिदास कानापर्यंत लाल झाला होता. "इतका कच्चा आहे माझा हात?"

"क्यू मध्येच तुटते. सीचे दोन तुकडे होतात. वाय दर तीन वेळा एकदा. आणि शनिवारी जास्त."

"शनिवारी? तुम्हाला काय ठाऊक?"

बंडोपंतांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. त्यांनी घरात जाऊन वही आणली. हरिदासनं पानं उलटली. तारखा. वेळा. 'बाई खोकली.' 'पुलगाव. पिशवी. जड. हात बदलला.' त्याचा चेहरा एकेका पानासरशी उतरत गेला.

"तुम्ही माझ्यावर पाळत ठेवली होती."

"हो."

नलू आत निघून गेली. बंडोपंतही उठले आणि वही काखेत मारून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी भुंगा वाजला नाही. संध्याकाळीही नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "गेला वाटते रॉकेलानं." बंडोपंत जेवले नाहीत नीट.

तिसऱ्या दिवशी हरिदास ओसरीपाशी आला. बसला नाही.

"काका, ती वही मला पाहिजे."

"काऊन?"

"पाठवणाऱ्याला आपण कुठं जास्त थांबलो ते कळत नाही. माझ्या कानाला सगळं बरोबरच वाटतं. त्या वहीत माझी प्रत्येक चूक आहे, तारीखवार."

कारण पटण्यासारखं होतं. म्हणूनच बंडोपंतांना ते फार पटलं नाही. वहीत खरंच काही असेल आणि याला ती जाळायची असेल तर? त्यांनी मान हलवली. "वही घराबाहेर जाणार नाई. पाहायची तर इथं बसून पाहा. माझ्यासमोर."

हरिदासलाही यात काही डाव दिसला असावा. तो जरा घुटमळला. पण परीक्षा मार्चमध्ये होती. "ठीक आहे," तो म्हणाला.

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी खटका, बॅटऱ्या आणि घंटा घेऊन यायचा. बंडोपंत समोर बसायचे, वहीवर एक हात ठेवून. त्यांनी आधी त्याचा पंजा धरला आणि बोटं हलवणं बंद करवलं. "मनगट. बोटं दमतात, मनगट दमत नाई." मग त्याला अंगणात उभं केलं. त्यांना तार शिकवणाऱ्या मास्तरनं रुळांखालच्या फळ्यांवरून चालवत शिकवलं होतं, तसं त्यांनी याला फरशीवरून चालवलं. आखूड म्हणजे एक फरशी. लांब म्हणजे तीन. अक्षराच्या पोटात थांबायचं एकच फरशीभर. अक्षर संपलं की तीन, शब्द संपला की सात. अठ्ठावीस-तीस वर्षांचा मास्तर तोंडानं डिट-डा म्हणत अंगणात पावलं मोजतो आहे हे पाहून रस्त्यावरचे लोक थांबायचे.

"काय व्हय हे?" अन्नपूर्णाबाईंना कोणी विचारलं.

"दोघाइच्या डोक्यात भुंगा शिरला," त्या म्हणाल्या.

चिंचोके काढायचं काम मात्र बंडोपंतांनी नलूकडून काढून अन्नपूर्णाबाईंकडं दिलं. नवऱ्याला सोपी अक्षरं काढून देत असेल, असा त्यांना वहीम होता. नलूला तो कळला, आणि ती आठ दिवस अन्नपूर्णाबाईंशीही बोलली नाही.

फेब्रुवारी संपता संपता एका संध्याकाळी बंडोपंतांनी पान भरलं आणि पेन्सिल खाली ठेवली. सगळे गट पाचांचे होते. क्यू अखंड, सी अखंड. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे गट तुम्ही पाठ करून आले."

"काका, काकूंनी आत्ता काढले!"

"मग माझा कान गेला असेल."

त्यांनी चिंचोके धुवून, हलवून, अन्नपूर्णाबाईंना दुसऱ्या खोलीत बसवून काढायला लावले. हरिदास आत जाऊन पाहून यायचा आणि पाठवायचा. बंडोपंत बाहेर लिहायचे. वीस गट झाल्यावर अन्नपूर्णाबाईंनी चिंचोके ओळीनं मांडले आणि बंडोपंतांनी वही शेजारी धरली. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

हरिदासचा चेहरा फुलला. बंडोपंत मात्र विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट चढवला आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

"रूपराव, तो कागद परत पाहिजे."

"कोनता?"

"मास्तरचा. मी त्यात लिहिलं की हात कच्चा आहे. ते आता खरं राह्यलं नाई."

"बाबूजी, तो कागद नागपूरले गेला, तठून मुंबईले, तठून दिल्लीले. आन् परत आला तरी काय लिहू? मास्तरापासून आता देशाले धोका आहे?"

बंडोपंत कोटाचं बटण लावून निघाले. घरी येताना ते वाटेत दोनदा थांबले. ज्याची खात्री नाही त्याखाली त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. केली तेव्हा खात्री होती, आणि ती त्यांनीच रोज संध्याकाळी थोडी थोडी करून खोटी पाडली होती.

परीक्षा नागपूरला होती. आदल्या संध्याकाळी हरिदास पाया पडायला आला. बंडोपंतांनी त्याला जरा बाजूला घेतलं.

"मास्तर, उद्या एखादा क्यू मोडू द्या."

"काय?"

"एकच. माझी सही आहे तिकडं."

हरिदासनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. हा विनोद आहे, की ही आणखी कसली परीक्षा आहे, ते त्याला ठरवता आलं नाही. अन्नपूर्णाबाई आतून ओरडल्या, "नोका आयकू त्याइचं! जा तुम्ही, अन् सरळ पाठवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो परतला. बंडोपंत ओसरीवर होते.

"पास?"

"पास, काका."

"क्यू?"

"एकही नाही तुटला."

"परीक्षकानं काही विचारलं?"

"हात कोणाकडून शिकलात म्हणाले. मी सांगितलं, शेजाऱ्यांकडून."

"नाव सांगितलं?"

"नाही."

"बरं केलं," बंडोपंत म्हणाले.

मग ते आत गेले आणि ट्रंक उघडली. लिहून दिलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल त्यांच्याकडं असायची. मास्तरच्या दाखल्याची नक्कल काढून त्यांनी तिच्या तळाशी शाईनं लिहिलं, 'दिनांक १२ मार्च १९५८ पासून यांचा हात पक्का झाला आहे. वरील दाखला रद्द समजावा.' सही केली. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले, ट्रंकेला कुलूप लावलं, आणि कुलूप ओढून पाहिलं.